टेक्सासहून न्यू जर्सीला, रायफलीसकट

सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस घरभर फिरून यादी करत होता. देव्हारा, शिलाई मशीन, पुस्तकांची अठरा खोकी, लेकीचा कीबोर्ड. झोपायच्या खोलीतल्या कपाटाशी तो थांबला, आतल्या पोलादी पेटीकडे बोट केलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, "ही पेटी आणि हिच्यात जे असेल ते, तुमचं तुम्ही न्यायचं. आणि गोळ्या? आमच्या ट्रकमध्ये एकसुद्धा चालणार नाही."

पेटी माझी होती. मार्च २०२३ ची गोष्ट. नवऱ्याला न्यू जर्सीतल्या एका औषध कंपनीत नोकरी मिळाली होती, लेकीची शाळा जूनमध्ये सुटणार होती आणि डॅलसजवळच्या प्लेनोतलं पंधरा वर्षांचं बिऱ्हाड उचलायला हातात तीन महिने होते. घर विकणं, शाळेचे दाखले, गाडीची नोंदणी, सगळ्याची यादी मी केली होती. त्या यादीत पेटी नव्हती, कारण टेक्सासमध्ये तिचा वेगळा विचार करायची वेळच कधी आली नव्हती. तिथे बंदूक बाळगायला परवाना नाही, नोंदणी नाही. दुकानात फॉर्म भरला, दुकानदारानं एफबीआयकडून पडताळणी करून घेतली आणि अर्ध्या तासात मी रायफल घेऊन बाहेर आले होते.

पेटीत तीन शस्त्रं होती. एक .२२ ची, म्हणजे ०.२२ इंच मापाच्या नळीची, आन्शुट्झ रायफल, जर्मनीतल्या उल्म गावची, सेकंड हँड, एकेक गोळी हातानं भरायची. एक हवेवर चालणारी, दहा मीटरच्या सरावाची रायफल. आणि एक ग्लॉक १९ पिस्तूल, शेजारच्या गल्लीत लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या तेव्हा नवऱ्याच्या आग्रहानं घेतलेलं. पहिल्या दोन रायफलींवर माझा जीव आहे. पिस्तुलाबद्दल तसं म्हणता येणार नाही, पण होतं.

मी कोल्हापूरची. कॉलेजात एनसीसीला होते आणि पहिल्यांदा .२२ हातात आली ती तिथेच. सतरंजीवर पालथं पडायचं, पाच गोळ्या मिळायच्या. हवालदार मागे उभे राहून सांगायचे, "श्वास अर्धा सोड, मग थांब. चाप ओढू नको, दाब." माझ्या पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसल्या, तेव्हा त्यांनी कागद काढून माझ्या हातात दिला. तो कागद आईनं कितीतरी वर्षं जपून ठेवला होता. पुढे नोकरी, लग्न, अमेरिका. २०१० मध्ये आमच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून नेम धरायच्या प्रकारात, जागतिक विजेतेपद मिळवलं, ती बातमी मी प्लेनोतल्या ऑफिसात वाचली आणि ठरवलं, पुन्हा सुरू करायचं.

इथेच पहिला धडा मिळाला, आणि तो मी इथल्या प्रत्येक आपल्या माणसाला सांगत असते. एच-वन-बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर असताना अमेरिकेत बंदूक बाळगणं हा केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. विकत घेणं तर सोडाच, नेमबाजीच्या क्लबमध्ये भाड्यानं घेऊन चालवणं हेसुद्धा त्या 'बाळगण्या'त येतं. मुंबईहून आलेले पाहुणे हौसेनं नेमबाजीच्या रेंजवर जातात, फोटो काढतात, कुणाला हे माहीतही नसतं. कायद्यात एक वाट आहे. कुठल्याही राज्याचा चालू शिकारीचा परवाना असेल तर बंदी लागू होत नाही. म्हणून मी, घरात अंडंसुद्धा न शिजवणारी, टेक्सासचा शिकारीचा परवाना काढला. त्यासाठी शिकार सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा केला, कारण २ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागतो. दर सप्टेंबरला परवाना नवा करायचा आणि क्लबच्या रायफलीवर सराव करायचा. असं दहा वर्षं चाललं. स्वतःची रायफल घेतली ती ग्रीनकार्ड हातात आल्यावर, २०२२ मध्ये.

तेव्हा कायदा वाचून मगच पाऊल टाकायचं ही सवय मला होती. तरी न्यू जर्सीचं वाचायला बसले आणि पहिल्याच रात्री घाम फुटला.

माझी हवेची रायफल. साडेचार मिलीमीटरचा शिशाचा छर्रा, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. टेक्सासात मी ती गराजमध्ये भिंतीला टेकवून ठेवत असे. न्यू जर्सीच्या व्याख्येत तीही 'फायरआर्म' आहे. स्प्रिंगवर चालो, हवेवर चालो की कार्बन डायऑक्साइडवर, इजा करू शकेल इतक्या जोरानं गोळी सुटत असेल तर तिला रायफलीचाच कायदा. म्हणजे जी वस्तू टेक्सासच्या दुकानात मासेमारीच्या गळांशेजारी टांगलेली असते, तिच्यासाठी जर्सीत पोलिसांनी दिलेलं ओळखपत्र लागतं. बेचकीसुद्धा तिथल्या बंदी घातलेल्या हत्यारांच्या यादीत आहे. सबळ कायदेशीर कारण दाखवता आलं तर चालते, पण कोण पोलिसाशी बेचकीवरून वाद घालत बसणार? लेकीला आजोबांनी पेरूच्या फांदीची करून दिलेली एक होती. ती आम्ही प्लेनोतल्या शेजाऱ्यांच्या मुलाला दिली. लेक रडली, आणि मला तिला समजावता आलं नाही. आजोबांची बेचकी वाईट कशी असेल?

मग पिस्तूल. पिस्तुलाला जर्सीत हरकत नव्हती, त्याच्या मॅगझिनांना, म्हणजे गोळ्या भरायच्या डब्यांना, होती. ग्लॉक १९ बरोबर पंधरा गोळ्यांची मॅगझिनं येतात. जर्सीत २०१८ पासून मर्यादा दहाची आहे, त्याआधी पंधराची होती. दहाच्या वरचं रिकामं मॅगझिनसुद्धा घरात सापडलं तर गुन्हा. तीन होती, तिन्ही द्यायची ठरवली आणि दहा गोळ्यांची दोन नवीन मागवली. गोळ्यांमध्येही भेद. टोकाला पोकळी असलेल्या गोळ्या जर्सीत स्वतःच्या घरात ठेवता येतात, विकत घेतल्यावर घरी नेता येतात, रेंजवर नेता येतात, एरवी जवळ बाळगता येत नाहीत. दुसऱ्या राज्यातून बिऱ्हाड हलवताना नेल्या तर त्या कशात बसतात? मी तीनदा वाचलं आणि मला छातीठोक उत्तर मिळालं नाही. जिथे कायद्याचा अर्थ मलाच लावावा लागतोय तिथे ती वस्तू न्यायचीच नाही, हा नियम मी त्या रात्री स्वतःला घालून घेतला. दोन खोकी गोळ्या क्लबमध्ये देऊन टाकल्या.

इतकी काळजी कशाला, असं प्लेनोतल्या दुकानदारानं मला विचारलं होतं. "गाडीच्या मागे टाका आणि जा, कोण बघतंय?" माणूस सज्जन, पण सल्ला चुकीचा. त्याच सुमारास मी न्यू जर्सीच्या अपिली न्यायालयाचा १९९६ चा एक निकाल वाचला होता. एका माणसानं नेमबाजीच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून .२२ ची साधी रायफल जिंकली आणि घरी ठेवून दिली. तिच्या नळीखालच्या नळकांड्यात कायद्यानं ठरवलेल्या संख्येपेक्षा दोन गोळ्या जास्त मावत होत्या. मला ठाऊक नव्हतं, हा बचाव न्यायालयानं मान्य केला नाही आणि शिक्षा कायम झाली. बंदुकीच्या बाबतीत माहिती करून घेणं ही मालकाची जबाबदारी, असा त्या निकालाचा रोख आहे. रेंजवर जाऊन आल्यावर मला झोप लागते, तो निकाल वाचून लागली नव्हती.

द्यायच्या वस्तू टेक्सास सोडायच्या आधीच देणं भाग होतं, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मी टेक्सासची रहिवासी असेपर्यंत टेक्सासच्याच दुसऱ्या रहिवाशाला बंदूक सरळ देऊ शकते. एकदा जर्सीची रहिवासी झाले की, तीच बंदूक प्लेनोतल्या जुन्या मैत्रिणीला हातोहात देणं केंद्रीय कायद्यानं गुन्हा. मग मध्ये परवानाधारक विक्रेता हवाच. पिस्तूल विकून मोकळं व्हावं का, यावर नवऱ्याशी दोन रात्री बोलणं झालं. शेवटी ठेवलं. आज विचाराल तर मी म्हणेन, विकायला हवं होतं. सगळ्यात जास्त कागद त्याचेच झाले.

आता न्यायचं कसं? विमानानं सोपं वाटतं. गोळ्या काढून, कडक पेटीत कुलूपबंद करून काउंटरवर जाहीर करायचं, सामानात जातं. पण आमचं विमान उतरणार नेवार्कला, आणि नेवार्कचं एक प्रकरण मी वाचलं होतं. २००५ मध्ये युटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेला एक माणूस विमान चुकल्यामुळे नेवार्कला अडकला. विमान कंपनीनं बॅग त्याच्या हातात दिली, तो ती घेऊन रात्री हॉटेलात राहिला आणि सकाळी विमानतळावर त्यानं प्रामाणिकपणे जाहीर केलं, माझ्या बॅगेत पिस्तूल आहे. त्याला अटक झाली, काही दिवस कोठडीत काढावे लागले. फौजदारी खटला पुढे चालला नाही, पण त्यानं भरपाईसाठी केलेला दावा २०१० मध्ये केंद्रीय अपिली न्यायालयात फेटाळला गेला. १९८६ च्या केंद्रीय कायद्यानं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्याला संरक्षण आहे, पण बंदूक प्रवासात सहज हाती लागेल अशी असता कामा नये. हॉटेलच्या खोलीत ती त्याच्या हाताशी होती. चूक कुणाची, विमान कंपनीची की त्याची? कोठडीत मात्र तोच गेला. मी त्याच्या जागी स्वतःला बघितलं आणि विमान रद्द केलं.

म्हणून आम्ही गाडीनं गेलो. लेक आणि नवरा एका गाडीत, मी दुसरीत. पंधराशे मैलांच्या वर, तीन दिवस. आमची गाडी एसयूव्ही, तिला वेगळी डिकी नाही. अशा वेळी शस्त्र आणि गोळ्या कुलूपबंद पेटीत हव्यात, आणि समोरचा ग्लव्हबॉक्स किंवा दोन सीटमधला कप्पा त्यात धरत नाहीत. मी दोन पेट्या केल्या. एकीत शस्त्रं, .२२ चा बोल्ट (गोळी नळीत सरकवून बंद करणारा भाग) काढून वेगळा गुंडाळलेला, पिस्तूल रिकामं आणि उघडं. दुसरीत गोळ्या. दोन्हींना कुलपं, दोन्ही सगळ्यात मागे, वर गाद्या आणि लेकीच्या उशा. किल्ल्या नवऱ्याच्या गाडीत. हे कायद्यात लिहिलेलं नाही, माझं मीच केलं.

मुक्कामसुद्धा नकाशावर राज्यांचे कायदे बघून ठरवले. पहिली रात्र टेनेसीत, दुसरी व्हर्जिनियात रोनोकजवळ. त्या दोन्ही राज्यांत माझ्या पेटीतली एकही वस्तू बेकायदा नव्हती, तेव्हा रात्री पेट्या खोलीत घेऊन जाता येत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी इंटरस्टेट ८१ नं वर निघालो. हा रस्ता वेस्ट व्हर्जिनियाच्या एका टोकातून जातो, मग पोटोमॅक ओलांडून मेरीलँडमध्ये शिरतो आणि बारा मैलांत पेनसिल्व्हेनियात निघतो. मेरीलँडचे कायदे कडक. बारा मैल म्हणजे पुण्यातून कात्रजचा घाट चढून उतरण्याएवढं अंतर, पण त्या बारा मैलांत मी रेडिओ बंद केला होता आणि काटा पासष्टच्या वर जाऊ दिला नाही. मागून ट्रक भोंगे वाजवत होते. हेगर्सटाऊनची पाटी गेली, पेनसिल्व्हेनियाची निळी पाटी आली आणि हातांना सुटलेला घाम मी तेव्हा पुसला.

संध्याकाळी ईस्टनजवळ डेलावेअर नदीचा पूल लागला. नदीच्या मध्यावर कुठेतरी राज्य बदलतं. पुलावर आल्यावर माझं तेच सामान, तीच रायफल, तेच हात, आणि तरी मी आता वेगळ्या कायद्याखाली गाडी चालवतेय ही जाणीव एकदम अंगावर आली. बिऱ्हाड हलवताना एका घरातून दुसऱ्या घरात शस्त्रं नेण्याची मुभा जर्सीच्या कायद्यात आहे, त्याचा छापील कागद मी समोरच ठेवला होता. कुणी अडवलं नाही.

खरी प्रक्रिया सुरू झाली ती त्यानंतर. २०२२ च्या कायद्यानं नव्या रहिवाशाला साठ दिवस मिळतात. तेवढ्यात ओळखपत्रासाठी अर्ज करायचा आणि बाहेरून आणलेलं पिस्तूल नोंदवायचं. अर्ज राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर करायचा, पण निर्णय तुमच्या गावच्या पोलीस प्रमुखाचा. बोटांचे ठसे वेगळे, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण वेगळं. शुल्क ५० डॉलर, पूर्वी ते ५ होतं. रांग नाही, टेबलाखालचं काही नाही, 'साहेब जेवायला गेलेत' नाही. आप्पांना, माझ्या वडिलांना, फोनवर सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. त्यांच्या एका मित्राची बारा बोअरची दुनळी, वडिलांच्या पश्चात नावावर करून घ्यायला किती हेलपाटे पडले होते ते त्यांनी जवळून पाहिलं होतं.

अडचण दोन ठिकाणी आली, आणि दोन्ही ठिकाणी कागदाची नव्हती.

पहिली, दोन साक्षीदारांची नावं. नातेवाईक नकोत, ओळखणारी माणसं हवीत. पोलीस त्यांना प्रश्नावली पाठवतात. ही व्यक्ती दारू पिते का, नशा करते का, घरात मारझोड होते का, हिच्या हाती शस्त्र असावं असं तुम्हाला वाटतं का. एक नाव प्लेनोच्या क्लबमधल्या मैत्रिणीचं. दुसऱ्यासाठी मी आमच्या जर्सीतल्या जुन्या मित्राला विचारलं. कोल्हापूरचाच, एकाच वर्गातले आम्ही. त्यानंच आम्हाला भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर जेवायला नेलं होतं, घर शोधून दिलं होतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे बघ, माझ्या मुलांच्या शाळेत महिन्याला लपून बसायचा सराव करून घेतात. बाकाखाली. बंदुकीच्या कागदावर माझं नाव नको गं." मी बरं म्हटलं. मला राग आला नाही. माझी लेकही तोच सराव करते. घरी आल्यावर दार कुठल्या बाजूनं लावायचं ते ती मला दाखवते. त्याच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. दुसरं नाव शेवटी नवऱ्याच्या ऑफिसातल्या बाईंनी दिलं.

दुसरी अडचण अर्जातल्या एका प्रश्नाची. मानसिक आजारासाठी कधीही, कुठल्याही डॉक्टरांनी तुम्हाला तपासलं किंवा उपचार केले आहेत का? टेक्सासात दुकानात भरलेल्या केंद्रीय फॉर्मवरही मनाचा प्रश्न होता, पण तो न्यायालयानं ठरवलंय का, सक्तीनं दाखल केलंय का एवढाच. इथे 'कधीही' होतं.

मे २०२१ मध्ये कोल्हापुरात आई करोनानं गेली. माझं ग्रीनकार्ड शेवटच्या टप्प्यावर होतं, नेहमीची विमानं बंद होती, मी जाऊ शकले नाही. अंत्यसंस्कार फोनवर पाहिले, त्यातही मध्येच रेंज गेली. त्यानंतर मला झोप येईना, जेवण जाईना. नवऱ्यानं हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. सात महिने औषधं घेतली, बोलायला जात राहिले, बरी झाले. पुढच्या वर्षी रायफल घेतली, कारण नेम धरताना श्वास मोजावा लागतो आणि तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही राहत नाही.

'हो'वर खूण करायची की 'नाही'वर? एकानं मला सरळ सांगितलं, नाही लिही, कोण शोधतंय. खोटं लिहिणं हा गुन्हा आहे हे तर झालंच. पण त्याहून मला वाटलं, आईच्या जाण्यानं मी कोसळले होते हे मी नाकारायचं? त्या सात महिन्यांची मला लाज वाटत नाही. मी 'हो' केलं, डॉक्टरांचं नाव-गाव लिहिलं, कागद बघायला संमती दिली. तीन आठवड्यांनी गावच्या पोलिसांतल्या एका बाईंचा फोन आला. टेक्सासच्या डॉक्टरांचं पत्र लागेल म्हणाल्या. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आता कसं वाटतं?" मी म्हटलं, बरं वाटतं. त्या म्हणाल्या, "सॉरी फॉर युअर मदर." एवढंच. फोन ठेवल्यावर मी गराजमध्ये जाऊन रडले.

पत्र यायला महिना गेला. कायद्यात रहिवाशाच्या अर्जाला तीस दिवस सांगितलेत, माझ्या अर्जाला चौऱ्याऐंशी लागले. तोपर्यंत पेटी उघडली नाही. घरात शस्त्रं ठेवायला मनाई नव्हती, पण ओळखपत्राशिवाय रायफल घेऊन रेंजवर जायचं कशाला? हाताची सवय जाते. मी रोज दहा मिनिटं भिंतीवरच्या काळ्या ठिपक्याकडे नुसती बघत उभी राहायचे, हात रिकामे, कोपर कमरेच्या हाडाला टेकवून. लेक विचारायची, आई, काय करतेस?

मनातलं लिहिते. जर्सीनं मला विचारलेले प्रश्न टेक्सासनंही विचारायला हवेत, असं मला आता वाटतं. साक्षीदार, ठसे, दारू, घरातली मारझोड, हे विचारल्याशिवाय कुणाच्या हाती पिस्तूल देऊ नये. पण जर्सीनं कायदा असा लिहावा की सामान्य माणसाला तो एका बैठकीत कळेल. मनाच्या प्रश्नातला 'कधीही' हा शब्द काढावा. तो शब्द वाचून कुणीतरी डॉक्टरांकडे जायचंच टाळत असेल, आणि घरात बंदूक असताना त्या माणसानं डॉक्टर टाळणं ही मला सगळ्यात भीतीची गोष्ट वाटते. हे मी माझ्या टेक्सासच्या मित्रांना सांगितलं तर ते पहिल्या अर्ध्यावर नाराज होतात, जर्सीचे दुसऱ्या अर्ध्यावर.

ओळखपत्र ईमेलनं आलं, शुक्रवारी दुपारी. शनिवारी रेंजवर गेले. जर्सीत नेतानाही रिकामी, बंद पेटीत, आणि वाटेत गरजेपुरतंच थांबायचं. म्हणून आधी पेट्रोल भरून ठेवलं, भाजी आणायचं काम रविवारवर टाकलं. पहिल्या दहा गोळ्यांत एकही आतल्या वर्तुळात नाही. पन्नास मीटरच्या कागदावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलीमीटरचं असतं, आपल्या शर्टाच्या बटणाएवढं. अठरावी गोळी तिथे बसली.

पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट २०२४ ला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. कोल्हापूरकरांचे फोन दिवसभर चालू होते. त्यात त्या मित्राचाही. "गुडघ्यावर, मग झोपून, मग उभं राहून... हे तू करतेस तेच ना गं?" मी म्हटलं, तेच, पण त्याच्यासारखं नाही. पुढच्या रविवारी तो मुलांना न आणता एकटाच रेंजवर आला. कानाला संरक्षण लावून दोन तास मागच्या बाकावर बसला. रायफल हातात घेतोस का विचारलं तर नको म्हणाला. जाताना कागद मागितला, घडी न घालता गाडीत ठेवला.

त्या ऑक्टोबरात आम्ही घर घेतलं, शेजारच्याच गावात, चार मैलांवर. पत्ता बदलला की तीस दिवसांत नवं ओळखपत्र, नवं गाव म्हणजे नवे पोलीस. पुन्हा तोच अर्ज, तोच 'कधीही'चा प्रश्न, डॉक्टरांचं तेच पत्र. वास्तुशांतीला तो मित्र आला होता. पानं वाढून झाल्यावर स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "तो फॉर्म परत भरायचा असेल ना तुला? या वेळी माझं नाव घाल."